बायडलर फॉरेस्ट, साउथ कॅरोलायना: सांगलीच्या एका पूरवाल्याचा अभिप्राय

मुलीकडे अमेरिकेत येऊन सहा आठवडे झाले होते. मॉल झाले, समुद्र झाला, देऊळ झालं. मग एका शुक्रवारी रात्री जेवताना जावईबापू म्हणाले, "बाबा, इथून पाऊण तासावर एक दलदल आहे. उद्या जायचं का?" आमच्या हिनं माझ्याकडे पाहिलं. एवढं विमानभाडं भरून माणूस चिखल बघायला जातो का, असा त्या पाहण्याचा अर्थ होता. पण "नदीचं पूरक्षेत्र आहे, सगळं जंगल पाण्यात उभं असतं," हे जावयाचं पुढचं वाक्य ऐकलं आणि मी पोळीचा घास तसाच ठेवून म्हणालो, जायचं.

आधी माझी ओळख सांगतो, म्हणजे मी जे लिहितोय ते कुठल्या चष्म्यातून पाहिलेलं आहे ते कळेल. मी सांगलीचा. बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली. पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाण्याची पातळी किती, हे विचारायला ज्यांना लोक रात्री दोनला फोन करतात त्यांतला मी एक. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा मी निवृत्त होतो, तरी सवयीनं दर तासाला आकडा वहीत लिहीत होतो. तेव्हा माझ्या घराचा तळमजला पाण्याखाली होता आणि वही पहिल्या मजल्यावर होती. त्यामुळे पूरक्षेत्र हा शब्द माझ्या कानाला साधा लागत नाही.

तर हे फ्रान्सिस बायडलर फॉरेस्ट. चार्ल्सटन शहरापासून साधारण तासाभरावर, हार्लीव्हिल नावाच्या गावाजवळ. तिथल्या नदीला खरं तर कोणी नदी म्हणत नाही, फोर होल्स स्वॉम्प म्हणतात. साठ-बासष्ट मैल लांबीचा प्रवाह आहे, पुढे एडिस्टो नदीला मिळतो. पण आपण ज्याला पात्र म्हणतो, दोन काठ आणि मधे पाणी, तसं काही जवळपास नाहीच. पाणी झाडांच्या मधून, बारक्या ओघळांनी, कुठे रुंद, कुठे अरुंद, असं पसरून चाललेलं असतं. मी पुलाच्या पट्टीवर आयुष्य काढलेला माणूस. पहिली दहा मिनिटं मी नदी कुठे आहे तेच शोधत होतो. मग लक्षात आलं, आपण आल्यापासून नदीतच चालतोय.

चालायला लाकडी फळ्यांचा रस्ता आहे, बोर्डवॉक म्हणतात. पावणेदोन मैलांचा, म्हणजे आपले पावणेतीन किलोमीटर. फिरून परत सुरुवातीला येतो. चढ नाही, पायऱ्या नाहीत. हिच्या गुडघ्यांचं दुखणं जुनं, त्यामुळे मला धाकधूक होती. पण सपाट फळ्यांवरून ती माझ्यापेक्षा पुढे गेली. जागोजागी टेकायला बाकं आहेत. ज्येष्ठ नागरिकांना न्यायचं असेल तर निर्धास्त न्या, फक्त पाऊस पडून गेला असेल तर ओल्या फळ्यांवर घसरायला होतं, तळाला पकड असलेले बूट घाला. तिकीट मुलीनं ऑनलाइन काढलं होतं. किती पडलं विचारलं तर "तुम्ही रुपयांत गुणाकार करत बसाल" म्हणून सांगितलं नाही, म्हणून मीही सांगू शकत नाही.

गुडघ्यांवरून आठवलं. इथलं मुख्य झाड बॉल्ड सायप्रस. बॉल्ड म्हणजे टकला. सुरूसारख्या बारीक पानांचं झाड, पण हिवाळ्यात सगळी पानं गाळून बोडकं होतं, म्हणून हे नाव. आम्ही गेलो तेव्हा एप्रिल होता, नवी पालवी फुटलेली, पोपटी. या झाडाच्या मुळांतून पाण्याबाहेर लाकडाचे सुळके वर येतात. कोणी वीतभर, कोणी माझ्या छातीइतके. एकेका झाडाभोवती चाळीस-पन्नास. यांना इंग्रजीत गुडघेच म्हणतात. जावयानं हे सांगितल्यावर ही थांबली, त्या सुळक्यांकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "अहो, इतके गुडघे असून एकही दुखत नसेल का?" पूर्वी समज असा होता की हे गुडघे मुळांना हवा पुरवतात. ते काही पक्कं सिद्ध झालेलं नाही. चिखलात झाड घट्ट उभं राहायला मदत होत असावी, असंही म्हणतात. मला इंजिनिअर म्हणून दुसरं पटतं, पण मला कोणी विचारलेलं नाही.

झाडं जुनी म्हणजे किती जुनी? काही झाडं एक हजार वर्षांच्या पुढची. सगळं राखीव क्षेत्र १८,००० एकरांहून मोठं आहे. त्यातलं १,७०० एकरांच्या आसपास असं आहे की तिथे कुऱ्हाड कधी पडलीच नाही. सायप्रस आणि टुपेलो या दोन झाडांचं इतकं मोठं, हात न लागलेलं जंगल जगात दुसरीकडे शिल्लक नाही. बोर्डवॉक नेमका याच भागातून जातो. टुपेलोचं खोड बुंध्याशी फुगून सुरईसारखं झालेलं असतं. सायप्रसचं तर विचारू नका, बुंध्याला आमच्या वाड्याच्या दोन खोल्या बसतील.

आता मला जे सगळ्यात आवडलं ते. एका वळणावर मी खोडांकडे पाहत उभा राहिलो. बुंध्याचा खालचा भाग काळपट, नागडा. आणि माझ्या खांद्याच्या जरा खालपासून वर राखाडी-हिरवट चट्टे सुरू झालेले. हिनं ओळखलं, "हे तर दगडफूल!" बरोबर, गोड्या मसाल्यात घालतो त्याच्याच जातीतलं. दगडफुलाला फार दिवस पाण्याखाली राहणं सोसत नाही. म्हणजे ते जिथून सुरू होतं, तिथवर पाणी येऊन बरेच दिवस थांबतं. मी शेजारचं झाड पाहिलं, मग पलीकडचं, मग ओघळाच्या पल्याडचं. सगळ्यांवर रेषा एकाच पातळीत. डंपी लेव्हल, म्हणजे आमची पातळी मोजायची दुर्बीण, लावून मारावी इतकी सरळ. कोणी आखलेली नाही, कोणी अधिसूचना काढलेली नाही. नदीनं स्वतः आपली पूररेषा झाडांवर लिहून ठेवली आहे आणि तिच्या आत कोणी बांधकाम केलेलं नाही.

इथे एक आमच्याकडची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २००५ च्या महापुरानंतर पाणी कुठवर आलं त्याच्या खुणा म्हणून आम्ही एका उपनगरात विजेच्या खांबांवर, भिंतींवर तांबड्या पट्ट्या मारून घेतल्या होत्या. मी स्वतः रंगाचा डबा घेऊन उभा होतो. पाच-सहा वर्षांनी त्याच गल्लीतून गेलो तर एका भिंतीला नवा मोतिया रंग दिलेला. पट्टी गायब. मालक ओळखीचे निघाले. चहा पाजला आणि म्हणाले, "साहेब, पट्टी दिसली की प्लॉटला गिऱ्हाईक येत नाही." २०१९ ला त्या भिंतीवर नवी पट्टी आपोआप उमटली, आधीच्या पट्टीपेक्षा वर.

असो. जंगलाकडे येतो.

पाण्याचा रंग कोऱ्या चहासारखा. नातीनं आधी नाक मुरडलं, गटार आहे म्हणून. गटार नाही. ओंजळीत घेतलं तर स्वच्छ, तळ दिसतो. पानं आणि साली कुजून त्यांचा तुरटपणा पाण्यात उतरतो, म्हणून रंग काळा. अशा नद्यांना ब्लॅकवॉटर म्हणतात. या नद्या किनाऱ्याच्या सपाट मैदानातच उगम पावतात म्हणून त्यांच्यात गाळ जवळपास नसतो. वरच्या तांबड्या मातीच्या टेकड्यांतून येणाऱ्या नद्या वेगळ्या, त्या आपल्या कृष्णेसारख्या पावसाळ्यात गढूळ. पाणी थांबलेलं दिसतं, पण थांबलेलं नाही. हे मी मोजून सांगतो, आणि ते मोजलं कसं तेही सांगतो.

झालं असं की एका सापाला बघायला मी कठड्यावरून वाकलो आणि माझी टोपी पाण्यात पडली. क्रिकेटच्या पंचाची असते तशी पांढरी, रुंद काठाची. मुलीनं आल्या आल्या घेऊन दिलेली. उलटी पडल्यामुळे होडीसारखी तरंगायला लागली. खाली उतरायला मनाई आहे आणि ती योग्यच आहे. नात रडकुंडीला आली. मी मात्र घड्याळ काढलं. तरंगती वस्तू सोडून प्रवाहाचा वेग मोजायची आमची जुनी पद्धत, नोकरीत लागलो तेव्हा ओढ्यांवर लाकडाचे ठोकळे सोडून हेच करायचो. टोपी एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत गेली. अंतर अंदाजे दहा फूट, लागली पंच्याहत्तर सेकंदं. म्हणजे सेकंदाला चार सेंटिमीटर. पृष्ठभागाचा वेग खालच्यापेक्षा जास्त असतो, म्हणून ०.८५ ने गुणायचं. साडेतीनच्या आत आला. ही म्हणाली, "टोपी चाललीय आणि तुम्ही गुणाकार करताय." जावईबापूंनी हे सगळं मोबाईलवर घेतलं आहे आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर ते आता माझ्याही आधी पोचलेलं आहे.

पण हा आकडा गमतीचा नाही. हजारो झाडं, लाखो गुडघे, पडलेले ओंडके यांच्यातून वाट काढताना पाण्याचा वेग मरतो. वरून मोठा पाऊस आला की पाणी आडवं पसरतं, उभं चढत नाही. खालच्या गावांना ते एकदम न मिळता सावकाश, दमादमानं मिळतं. या राज्यात २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये प्रचंड पूर आला होता, रस्ते, बंधारे, धरणं फुटली होती. असं पसरायला जागा असलेलं जंगल म्हणजे बिनभिंतीचं धरण. आमच्याकडे नदीकाठच्या मळीत पूर्वी उसाआधी जी झाडी होती ती थोडंफार हेच काम करत असणार. पण मळीची जमीन सोन्याच्या भावाची, तिथे झाडं कोण ठेवतो?

याचं उत्तर इथे आहे, आणि तेच मला नवीन होतं. ही जमीन सरकारी नाही. मी स्वागतकक्षातल्या मुलीला तीनदा विचारलं, सातबारा कोणाच्या नावावर? आमच्या मुलीनं भाषांतर करताना डोक्याला हात लावला, पण उत्तर मिळालं: ऑड्युबॉन सोसायटी. पक्ष्यांसाठी काम करणारी संस्था, १९०५ पासूनची. बायकांच्या टोप्यांवर पिसं खोचायची फॅशन होती आणि त्यापायी बगळे मारले जायचे, ते थांबवायला सुरू झालेली. आणि त्याआधी जमीन होती एका लाकूड व्यापाऱ्याची! फ्रान्सिस बायडलर हा शिकागोचा. त्याच्या कंपनीनं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी साउथ कॅरोलायनातल्या या दलदली झाडं तोडण्यासाठीच घेतल्या होत्या. ओला सायप्रस पाण्यात बुडतो, म्हणून झाडाच्या सालीला गोल खाच मारून त्याला उभ्यानं वाळवायचं, मग पाडून पाण्यातून वाहत न्यायचं. तरी पुष्कळ ओंडके बुडायचेच. धंदा काही फार परवडला नाही. शिवाय बायडलरला राष्ट्रीय उद्यानांची ओढ होती असं म्हणतात. कारण काही असो, या भागातली झाडं उभी राहिली. तो १९२४ मध्ये वारला आणि घराण्यानंही पुढे कैक वर्षं कुऱ्हाड लावली नाही. १९७० च्या सुमारास पुन्हा तोडीची चर्चा सुरू झाली तेव्हा ऑड्युबॉन आणि नेचर कॉन्झर्व्हन्सी या दोन संस्थांनी पैसे उभे करून जमीन विकत घेतली. तेव्हापासून आजूबाजूचे तुकडे जोडत जोडत १८,००० एकर झाले.

याच घराण्याची दुसरी दलदल, काँगारी, १९७६ मध्ये सरकारनं घेतली. ती आता राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे प्रवेश फुकट. मुलगी म्हणाली, मग आपण तिकडेच गेलो असतो! पण मला हा खासगी प्रकार जास्त विचार करायला लावणारा वाटला. ही म्हणाली, आपल्या देवरायांसारखंच की. मी म्हटलं, देवराईला देवाची भीती राखते. इथे खरेदीखत राखतंय. शिवाय पैशाची एक वाट त्यांनी काढली आहे, ती आपल्याकडच्या लोकांनी बघण्यासारखी. झाडं उभी ठेवल्यामुळे हवेतला जो कार्बन धरून ठेवला जातो, त्याचे हक्क कॅलिफोर्नियाच्या कार्बन बाजारात, म्हणजे धूर सोडणाऱ्या कंपन्या असे हक्क विकत घेतात तिथे, विकले. बदल्यात शंभर वर्षं जंगल राखायची हमी. न तोडलेल्या लाकडाचे पैसे! बायडलरसाहेबांना हे सांगितलं असतं तर कदाचित हसले असते.

एक उणीव खासगी जंगलाच्या कल्पनेतच आहे, त्या जागेची नाही. पाण्याला कुंपण कळत नाही. वरच्या अंगाला शेतात काय फवारलं, कुठे रस्त्यासाठी भर घातली, ते सगळं वाहून यांच्या दारात येणार. आपल्या हद्दीत माणूस कितीही चांगला वागला तरी नदी शेजाऱ्यांची पण असते. २००८ पासून ही जागा रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, आपल्या नांदूर मध्यमेश्वरासारखी. पण यादीत नाव येण्यानं वरचं पाणी स्वच्छ होत नाही.

प्राणी-पक्षी भरपूर, पण मी त्यातला तज्ज्ञ नाही, जे ठळक ते सांगतो. इथली राणी म्हणजे प्रोथोनोटरी वॉर्ब्लर. चिमणीएवढा पक्षी, पिवळा म्हणजे काय पिवळा! राजापुरी हळकुंड नुकतं फोडल्यावर आतून दिसतं तो रंग. सांगलीच्या माणसाला यापेक्षा वेगळी उपमा सुचणार नाही. हिवाळा हा पक्षी कोलंबिया-पनामाकडे काढतो आणि एप्रिलात इथे येऊन झाडांच्या ढोलीत, कधी कधी तर त्या सायप्रसच्या पोकळ गुडघ्यातच घरटं करतो. पाण्यापासून फार उंच नाही. पूर चढला तर घरटं बुडतं. मग उंच का नाही करत? तर खाली पाणी असलं की रकूनसारखे अंडीचोर यायला बिचकतात. म्हणजे पुराचा धोका पत्करून राखण मिळवायची. आमच्या सांगलीजवळच्या हरिपूरचे व्यापारी नदीकाठी जमिनीत पेवं काढून हळद ठेवायचे, त्यांचा हिशेबही असाच काहीसा होता. २००५ ला तो हिशेब चुकला.

साप तीन दिसले. एक कॉटनमाउथ, विषारी, ओंडक्यावर वेटोळं घालून. दोन आपल्या पाणदिवडासारखे बिनविषारी, गुडघ्यांवर ऊन खात. कासवं मोजली नाहीत. एक घुबड भर दुपारी हाताच्या अंतरावर बसून आमच्याकडे बघत होतं, मग खाली झेप घेऊन चक्क एक झिंगा उचलून घेऊन गेलं. रस्त्याच्या टोकाला गुडसन लेक म्हणून मोकळं पाणी आहे, तिथे मगरी दिसतात म्हणे. आम्हाला नाही दिसली. नातीनं त्याचा राग दिवसभर धरला.

डासांची भीती घालून आम्हाला सगळ्यांनी घाबरवलं होतं. अंगभर ते औषध फासून गेलो. एप्रिलात तरी फारसे नव्हते. पाणी हलतं आणि पाण्यात बोटाच्या पेराएवढे मासे आहेत, गंबुसिया. आपल्याकडे आरोग्य खातं विहिरी-टाक्यांत डासांच्या अळ्या खायला गप्पी आणि गंबुसिया सोडतं ना, त्यातला गंबुसिया मूळचा याच मुलखातला. माहेरी भेटल्यासारखं वाटलं. उन्हाळ्यात मात्र घामानं जीव जाईल, मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर गाठा.

जवळपास खायची सोय धरू नका. आम्ही धपाटी, दही आणि सांगलीहून आणलेल्या भडंगाचं शेवटचं पाकीट नेलं होतं, गाडीत बसून खाल्लं. थर्मासमध्ये चहा न्या. आठवड्याचे सगळे दिवस उघडं नसतं, निघण्याआधी त्यांच्या साइटवर वार बघून घ्या. लहान मुलांना पळायला-ओरडायला सोडणार असाल तर दुसरीकडे जा, इथे गप्प चाललं तरच काही दिसतं. घाईनं चाळीस मिनिटांत फेरी होते. आम्हाला साडेतीन तास लागले, त्यातला एक तास माझा.

टोपीचं राहिलं. फेरी संपवून स्वागतकक्षात सांगितलं तर तिथल्या एका वयस्कर स्वयंसेवक बाईंनी मुलांना पाणकिडे दाखवायची लांब दांड्याची जाळी काढली, माझ्याबरोबर परत आत आल्या आणि एका गुडघ्याला अडकलेली टोपी अलगद काढून दिली. पैसे घेईनात. उरलेलं भडंग दिलं, ते घेतलं.

घरी येऊन टोपी गॅलरीत वाळत टाकली. वाळल्यावर काठापासून दोन बोटं वर सबंध गोल एक तपकिरी रेषा उमटलेली होती, फिक्या चहाची. मी ती तशीच खुंटीला लावली. दोन दिवसांनी बघतो तर हिनं मशीनला लावून पांढरीशुभ्र करून ठेवली होती.